मोडीत लिहिलेल्या पुड्या

थांबा, बाकी सगळं नंतर, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायला पाहिजे. हेल्मेट अजून मांडीवर आहे, चहा गार होतोय, पण आधी लिहिते, नाहीतर उद्यापर्यंत मी शहाणी होईन आणि लिहिणारच नाही.

आमच्या आतोबांइतकं कायद्यावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या ग्वाल्हेरात दुसरा नसेल. आणि दोन महिन्यांपूर्वी त्यांच्याच घरी, दिवसाढवळ्या, अकरा वाजता, ड्रग इन्स्पेक्टर आली, दोन पोलीस घेऊन.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. इथे आजूबाजूचे सगळे त्यांना फूफाजी म्हणतात, कारण गल्लीतली निम्मी पोरं माझ्या 'आतोबा'चं हिंदी करून तेच म्हणायला शिकली, पण आमच्या घरात ते आतोबाच. राहतात किला गेटला. नोकरी सगळी सरकारी रेकॉर्डरूममध्ये झाली, जुने कागद वाचायची. त्यांचे पणजोबा दरबाराच्या दफ्तरात होते, आजोबा होते, वडील होते. दरबार गेला तरी यांच्या घरातलं दफ्तर काही गेलं नाही. आता तुम्ही म्हणाल सगळेच म्हातारे नियम पाळतात, त्यात काय. नाही हो, असे नाही पाळत! आतोबा पायी चालताना लाल सिग्नलला थांबतात. रस्त्यावर एक गाडी नसते, एक गाय आरामात पलीकडे जाते, आणि आतोबा पिशवी धरून उभे. मी म्हटलं, "आतोबा, गाय गेली." तर म्हणाले, "तिला दिवे कळत नाहीत. मला कळतात." स्कूटर स्वतःच्या फाटकातून आत वळवताना हात दाखवतात. कोणाला? तुळशीला! दादा, म्हणजे त्यांचा मुलगा, पुण्याला निघाला की ते बसस्टँडवर जाऊन प्लॅटफॉर्म तिकीट मागतात. तिथे ते मिळत नाही हे त्यांना तीस वर्षं माहीत आहे, पण न विचारता आत गेलं असं व्हायला नको. फोनवर "मी सहमत आहे" असं येतं ना, ते बटण दाबण्याआधी ते सगळं वाचतात. सगळं म्हणजे सगळं, चष्मा पुसून. एकदा अपडेटच्या अटी वाचायला त्यांना तीन दिवस लागले, तोवर पुढचं अपडेट आलं, आणि आत्या म्हणाली, "झालं, आता हे पुन्हा पहिल्या पानावर."

आणि बिल. बिल हा तर त्यांचा देव. आमच्या कोपऱ्यावर कचोरीवाला आहे, त्याच्याकडेही ते बिल मागतात. तो बिचारा एकदा इतका वैतागला की त्याने पानाच्या दोन्यावरच पेनाने लिहून दिलं, "दो कचौरी, खा लीं." आतोबांनी तो दोना धुतला, वाळवला, आणि पंच करून फाईलला लावला. मी स्वतः पाहिलाय. त्यांचं म्हणणं साधं आहे: "बिल आहे म्हणजे कोणीतरी जबाबदार आहे." हे वाक्य मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलंय, आणि आज वाटतं, याच वाक्याने घात केला.

झालं असं, की आतोबांची संध्याकाळची एक मंडळी आहे, फूलबागेतल्या बाकावरची. सगळे मराठी, सगळे सत्तरीपुढचे, आणि सगळ्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात. त्यात पेटी शिकवणारे पेटीमास्तर आहेत, पण मुख्य म्हणजे घड्याळवाले काका. त्यांचं नई सडकेवर घड्याळ दुरुस्तीचं इवलंसं दुकान आहे, आणि काकू गेल्यापासून त्यांना झोप नाही. बाकावर आधी देशाचं बोलणं होतं, मग गुडघ्यांचं, मग औषधांचं. औषध संपलंय, दुकान लांब आहे, डॉक्टरकडे नंबर लागत नाही, चिठ्ठी जुनी झाली, केमिस्ट देत नाही. तेवढ्यात कोणाच्या तरी फोनवर एक मेसेज आला, घरपोच औषधं, चिठ्ठीची गरज नाही. सगळ्यांनी आतोबांकडे पाहिलं. कारण फोनवर अटी वाचू शकणारा माणूस एकच होता.

आतोबांनी अटी वाचल्या. इंग्रजीत होत्या, तरी वाचल्या. लायसन्स नंबर लिहिलेला होता, तो वहीत उतरवून घेतला. चॅटवर विचारलं, "महोदय, चिठ्ठी नको हे कसे?" तिकडून उत्तर आलं की आमचे डॉक्टर मंजुरी देतात, सर. आणि पार्सल आलं तेव्हा आत छापील बिल होतं, त्यावर गोल शिक्का, शिक्क्यात डॉक्टरची सही. बस्स. आतोबा म्हणाले, "बिल आहे." मॅटर क्लोज.

मग सुरू झालं ते आतोबांचं खातं. म्हणजे काय थाट होता सांगू! रविवारी सगळे आपापल्या रिकाम्या स्ट्रिप आतोबांना द्यायचे. आतोबा एकाच नावाने, स्वतःच्या, सगळ्यांची मिळून ऑर्डर टाकायचे. पार्सल आलं की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसायचे, कात्रीने स्ट्रिप कापायचे, गोळ्या मोकळ्या करायचे, आणि जुन्या पंचांगाच्या पानांच्या पुड्या बांधायचे. आत्या ओरडायची, "अहो, जेवायचं टेबल आहे ते, दवाखाना नाही." पण पुडी अशी बांधायचे की सोनाराने बघत राहावं. प्रत्येक पुडीवर शाईच्या पेनाने सूचना. आणि सूचना कशात? मोडीत! मोडी म्हणजे आपली जुनी घसीट लिपी, पूर्वी दफ्तरात सगळं तिच्यात लिहायचे. आता ती वाचणारा ग्वाल्हेरात शोधून सापडत नाही. मी म्हटलं, "आतोबा, अहो त्यांना वाचता येत नाही." तर म्हणाले, "मी तोंडी सांगतोच. पण लिहायचं तर नीट अक्षरात लिहावं." एका सुट्टीत त्यांनी मलाही मोडी शिकवली होती, रोज एक पान, चूक झाली की पूर्ण पान परत. तेव्हा मी रडले होते. मला काय माहीत हे असं उपयोगी पडणार.

तर इन्स्पेक्टर मॅडम. चाळिशीच्या असतील, आवाज एकदम शांत, आणि तेच जास्त भीतीदायक. मी त्या दिवशी सहज आत्याकडे लोणच्याची बरणी द्यायला गेले होते. मॅडमनी दारातच सांगितलं की ज्यांच्याकडून तुम्ही मागवता ते पकडले गेलेत, लायसन्स नंबर दुसऱ्याच कुठल्यातरी बंद पडलेल्या दुकानाचा निघाला, डॉक्टर तर अस्तित्वातच नाही, आणि त्यांच्या गिऱ्हाइकांच्या यादीत ग्वाल्हेरचं सगळ्यात मोठं नाव तुमचं आहे. आतोबा शांतपणे म्हणाले, "बिल हैं मेरे पास. सब." आणि फाईल आणायला गेले. येताना त्यांनी फाईल तर आणलीच, वर पुड्यांचा पत्र्याचा डबाही आणला, न मागता. आत्याने कपाळाला हात लावला.

मॅडमनी डबा उघडला. आत तीस-चाळीस पुड्या, सुट्या गोळ्या, आणि वर कोणाला न कळणारी अक्षरं. तुम्हीच सांगा काय वाटेल!

"ये क्या लिखा है? कोई कोड है?"

एक शिपाई वाकून म्हणाला, "मैडम, उर्दू लग रही है." दुसरा म्हणाला, "नहीं यार, गुजराती है, मेरी मौसी सूरत में है."

आतोबांचा चेहरा असा उजळला, सच्ची सांगते, जणू कोणीतरी तीस वर्षांनी त्यांच्या कामाबद्दल विचारलंय. "मोडी!" म्हणाले. "ये देखिए, हाथ उठाए बिना पूरी लाइन लिखी जाती है." आणि शिपायाला "क" दाखवायला लागले. शिपाई बिचारा बघायलाही लागला. मी मनात म्हणतेय, आतोबा, बस करा, ही रेड आहे, क्लास नाही.

तेवढ्यात मॅडमनी पुडी खाली ठेवली आणि आवाज अजून हळू केला. "दादाजी, सोच के जवाब दीजिए. इनमें नींद वाली गोली है, वो नशे वाली दवाओं की लिस्ट में आती है. बिना डॉक्टर के पर्चे अपने लिए मँगाई, तो भी गलत है, पर वो एक बात है. दूसरों को बाँटी, तो वो बिल्कुल दूसरी बात है. उसमें केस बनता है. ये सब आप दोनों के अपने लिए ही है ना?"

शेवटचं "ही है ना" त्यांनी असं म्हटलं की दगडालाही कळलं असतं. त्या दार उघडून देत होत्या. आत्याने दादाला फोन लावलाच होता, स्पीकरवर, तिकडून तो ओरडला, "बाबा, हो म्हणा! फक्त हो म्हणा!" खोलीत ती अक्षरं वाचू शकणारी दोनच माणसं होती, एक आतोबा आणि एक मी. आणि मी तर काहीही शपथेवर सांगायला तयार होते.

आतोबांनी चष्मा लावला. डब्यातली पहिली पुडी उचलली, उजेडाकडे धरली आणि वाचलं. आधी मराठीत, मग मॅडमसाठी हिंदीत.

"घड्याळवाले. झोपेची. अर्धी. मुलाशी फोनवर बोलून झाल्यावर, आधी नाही."

दुसरी. "पेटीमास्तर. पित्ताची. भजी खाल्ल्यास एक. खाल्ली नाहीत असे सांगितल्यास विश्वास ठेवू नये."

तिसरी. चौथी. एकेक करून सगळ्या.   मॅडमनी एकदाच माझ्याकडे बघून विचारलं, "आपको आती है ये लिपि? सही पढ़ रहे हैं?" माझ्या तोंडात "नाही" आलं होतं, देवाशप्पथ आलं होतं. पण आतोबा माझ्याकडे बघत होते, त्या सुट्टीत बघायचे तसे, पान परत लिहायला लावतानाचे. मी म्हटलं, "जी. एक एक अक्षर."

सगळं आवरून ते लोक गेले, पंचनामा झाला, गोळ्या तपासणीसाठी सील झाल्या, मॅडमनी आत्याचा चहा घेतला नाही पण नमस्कार करून गेल्या. तेव्हा आत्या पहिल्यांदा चिडली. "एक हो म्हणायला काय जात होतं तुमचं?" आतोबा म्हणाले, "अगं, त्या विचारत होत्या कागदावर काय लिहिलंय. कागद हातात घेतला की लिहिलंय तेवढंच वाचायचं. आमच्या घरात कोणी वेगळं वाचलं नाही." आत्या म्हणाली, "तुमच्या घरातले कोणी जेलमध्ये पण नाही गेले!" आणि आत जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच परत.

पुढचे दोन महिने कसे गेले विचारू नका. बाकावरच्या एकेकाला बोलावणं आलं, जबाब झाले. बाकीच्यांनी मनावर घेतलं नाही, पेटीमास्तर तर बाहेर येऊन म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या पित्ताबद्दल इतकं विचारलं." पण घड्याळवाले काका. झोपेच्या गोळ्या त्यांच्याच होत्या ना, त्यामुळे त्यांना सगळी सकाळ बसवून ठेवलं. तुम्हाला माहीत होतं का चिठ्ठी लागते, माहीत असून घेतल्या का, आणखी कोणाला दिल्या का. गल्लीत कोणीतरी म्हणालं, "नशे की गोली वाले चाचा." त्या दिवसानंतर काका बाकावर आले नाहीत. आतोबांनी फोन केला तर उचलला नाही. आतोबांनी बाकीच्या सगळ्यांना एकेक करून कंपू भागातल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये नेलं, रांगेत उभे राहिले, सगळ्यांच्या नव्या चिठ्ठ्या करून घेतल्या, औषधं आता समोरच्या दुकानातून घेतात, पूर्ण स्ट्रिप, कात्री नाही. घड्याळवाल्या काकांसाठीही नंबर लावला होता. तो नंबर आला, पुकारला, आणि गेला.

आणि परवा पत्र आलं. आतोबांना आरोपी केलं नाहीये! त्या विकणाऱ्यांविरुद्ध साक्षीदार केलंय. पत्रात लिहिलंय, ठगा गया खरीदार. दादाने पुण्याहून मिठाई मागवली, ऑनलाइनच, आत्या म्हणाली बघून मागव रे बाबा. आम्ही सगळे नाचतोय आणि आतोबा पत्र घेऊन बसलेत, परत परत वाचतायत. मग म्हणाले, "हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"मी फसलो नाही. स्ट्रिपवर लाल रेघ असते, शेजारी छापलेलं असतं की चिठ्ठीशिवाय विकू नये. मी ते वाचलं होतं. वाचून मी बिलावर विश्वास ठेवला. आणि दुसरं." इथे त्यांनी चष्मा काढला. "बाकीच्यांना माहीत होतं का, असं ते अजून विचारतायत ना? त्यांना कसं माहीत असणार? रेघ मीच कापून टाकत होतो. त्यांच्या हातात फक्त माझी पुडी जायची."

 इतकी सुंदर पुडी, इतकं सुंदर अक्षर, आणि त्यात नेमकी तीच एक ओळ नव्हती.

आज दुपारी त्यांनी मला हेच सगळं सांगणारा अर्ज टाईप करायला बोलावलं, कारण मी फास्ट टाईप करते. हिंदीत, मॅडमच्या नावे. वकिलाने फोनवर सांगितलं होतं, "वो लाल लकीर वाला वाक्य मत डालिए, खुद फँस जाएँगे, बना-बनाया काम बिगड़ेगा." दादा तर रडायच्या बेतात होता. आतोबांनी एवढंच विचारलं, "वाक्य खरं आहे की नाही तेवढं सांगा." मी टाईप केलं. मग गुपचूप दोन प्रिंट काढल्या, एक वाक्यासकट, एक वाक्याशिवाय. खोटं कशाला बोलू, बिनवाक्याची मी वर ठेवली होती. त्यांचा चष्मा टेबलावर होता, ते तशीच सही करायला वाकले, आणि पेन टेकवायच्या आधी म्हणाले, "वाच एकदा."

मी खालचा कागद वर घेतला आणि वाचला. सगळा. त्यांनी सही केली.

मॅडमच्या ऑफिसला निघालो तेव्हा ते स्कूटीवर मागे बसले, पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून. मॅडमनी अर्ज उभ्याने वाचला, मग बसून वाचला. "दादाजी, आपको पता है आपने क्या लिख के दिया है?" आतोबा म्हणाले, "जी. बोला मैंने, टाइप इसने किया, पर बोला मैंने." मॅडमनी अर्ज फाईलला लावला. मग म्हणाल्या, "बाकी लोगों को अब नहीं बुलाना पड़ेगा शायद. आपका... देखते हैं." आणि पोच म्हणून सोबत नेलेल्या झेरॉक्सवर शिक्का मारला. देखते हैं म्हणजे काय ते कोणालाच माहीत नाही. मलाही नाही, आतोबांनाही नाही.

परत निघालो तर म्हणाले, "नई सडकेने घे." लांबचा रस्ता, त्यात या वेळेची गर्दी, पण घेतला. घड्याळवाल्या काकांच्या दुकानासमोर म्हणाले, "जरा हळू." शटर अर्धं वर होतं. आत काका दिव्याखाली वाकून बसले होते, एका डोळ्याला भिंग, हातात चिमटा. आतोबांनी शिक्क्याचा कागद थोडासा वर धरला, लहान मूल शाळेचं बक्षीस दाखवतं तसा, रस्त्याच्या या बाजूने, रिक्षा आणि हॉर्नच्या मधून. काकांनी मान वर केली. सरळ आमच्याकडे. आणि परत खाली घातली.

मी स्कूटी बंद करायला लागले तर आतोबांनी खांद्यावर हात ठेवला. "चल, चल. भिंग लावलं की लांबचं दिसत नाही गं त्याला."

घरी येईपर्यंत मी आरशात मागे पाहिलं नाही. आता सांगा, तुमच्या घरात आहे का असं कोणी? त्यांच्यासाठी असा कागद तुम्ही कधी टाईप केलाय, आणि वाचताना एक वाक्य गाळावं असं तुम्हालाही वाटलं होतं का?